सोसाट्याची दोन नावं

माझ्या दुकानात कटिंग मशीनखाली एक खोकं ठेवलेलं आहे. लग्नपत्रिका कापल्या की कडेच्या बारीक पट्ट्या त्यात पडतात. रोज मूठभर पडतात, लक्षही जात नाही, आणि एक दिवस पाहावं तर खोकं काठोकाठ. आमच्या मंडळाचे किस्सेही असेच साचले. कोणी मुद्दाम जमवले नाहीत. आता पाय ठेवायला जागा उरली नाही म्हणून बाहेर काढतोय, एवढंच.

दुकान कारंज्यात, बसस्टँडसमोर. डीटीपी, झेरॉक्स, पत्रिका, फ्लेक्स. दिवसभर मी 'आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे' असलं शुद्ध टाइप करतो आणि तोंडानं वऱ्हाडी बोलतो, म्हणून माझ्या लिहिण्यात दोन्हीची खिचडी होते. सांभाळून घ्या.

तर आमचं मंडळ म्हणजे 'सोसाटा मित्रमंडळ'. मी शाळेत असताना स्टँडवरच्या बुकस्टॉलवर दर महिन्याला 'सोसाटा' नावाचं पातळसं कॉमिक यायचं. हीरोचं घरचं नाव रणजित. दिवसा पिठाच्या गिरणीत काम करायचा. संकट आलं की मुखवटा चढवायचा आणि सोसाटा व्हायचा. फुंकर मारली की ट्रक उलटा. शेवटच्या अंकात धरणाच्या भिंतीला भेग पडते, सोसाटा भिंतीला पाठ लावून उभा राहतो, आणि खाली लिहिलेलं, 'पुढे काय झालं? वाचा पुढच्या अंकात.' पुढचा अंक आलाच नाही. कॉमिक बंद पडलं. इतकी वर्षं तो माणूस धरणाला पाठ लावून तसाच उभा आहे, हे आम्हाला काही बघवेना. म्हणून पुढच्या गोष्टी आम्हीच लिहायला लागलो, व्हॉट्सॲपवर. शहरात याला फॅन फिक्शन म्हणतात म्हणे. आमच्याकडे म्हणतात, "यायले काही कामधंदा नाही."

यंदा दिवाळीला त्यातल्या निवडक गोष्टींचा अंक काढायचं ठरलं. चार गोष्टी. अनुक्रमणिका मीच टाइप केली. तीन गोष्टींपुढे तीन नावं टाकली. चौथी गोष्ट, जिच्यासाठी लोक अंक हातात घेणार, तिच्यापुढे लेखकाच्या जागी नुसती टिंबं. पात्रांना नावं ठेवता ठेवता आम्ही एकमेकांची डोकी फोडायला निघालो होतो, आणि एका खऱ्या माणसाचं नाव मात्र छापता येत नव्हतं. त्या टिंबांनी माझा जीव खाल्ला. पण ते पुढे. आधी आडनावाची भानगड ऐका.

*

मंडळात सुरुवातीला आम्ही चौघे. मी. दुसरे गुरुजी, मराठीचे रिटायर शिक्षक, बोलतात ते थेट धड्यातून उचलल्यासारखं. तिसरे गजाननभाऊ, एसटीत कंडक्टर. आणि चौथा किन्हीराजाचा रणजित, सोयाबीन-तुरीचा शेतकरी. हो, नाव रणजितच. लहानपणी अख्ख्या शाळेत त्याच्या नावाचा हीरो फक्त त्यालाच होता, म्हणून तो आमच्यापेक्षा दुप्पट वेडा. बोलतो मात्र निम्मा.

पहिल्याच मीटिंगला गुरुजी म्हणाले, "नायकाला पूर्ण नाव हवं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. नुसतं रणजित म्हणजे हजेरीपटावरसुद्धा येत नाही."

मी एक आडनाव सुचवलं. गजाननभाऊ म्हणाले, "हे तं तुह्या मामाचं हाय." त्यांनी एक सुचवलं, ते त्यांच्या साडूचं निघालं. गुरुजींनी सुचवलं त्यावर सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आडनाव कळलं की माणूस कोणाचा ते कळतं, आणि ते कळलं की मंडळ मोडतं. अर्ध्या तासात चहा थंड झाला आणि डोकी गरम.

शेवटी ठराव झाला की सोसाट्याला आडनाव नाही. गजाननभाऊंना ते काही पटेना. "बिनाआडनावाच्या माणसाचं रेशन कार्ड कसं निघन?"

रणजित तोवर एक शब्द बोलला नव्हता. तो म्हणाला, "गिरणीत काम करते ना तो. पीठ तं घरीच हाय."

ठराव एकमतानं पास झाला.

*

गजाननभाऊंबद्दल एक गोष्ट सांगायला पाहिजे. हा माणूस गाडी थांबवत नाही. वेळ झाली की घंटी मारली, आणि मारली म्हणजे मारली. एकदा त्यांचे सख्खे सासरे पिशवी घेऊन गाडीमागे पळत होते. आरशात दिसत होते म्हणे. ड्रायव्हरनं विचारलं, "भाऊ, थांबू का?" भाऊ म्हणाले, "टाइम झाला." सासरे अजूनही दर दिवाळीला तो विषय काढतात.

तर खलनायकांचं खातं त्यांच्याकडे. त्यांचं म्हणणं, खलनायकाला नाव ठेवायचंच नाही. "माणूस नावानं ध्यानात राह्यत नाही. खोडीनं राह्यते." त्यांनी आयुष्यभर खिडकीतून आत रुमाल टाकून सीट धरणारे लोक पाहिले. त्यातून त्यांनी 'रुमाल्या' काढला. रुमाल्याची शक्ती अशी की, तो लांबून रुमाल फेकतो आणि रुमाल जिथं पडेल ती जागा त्याची. आधी त्यानं एक बंगला धरला. मग धरण धरलं. तिसऱ्या भागात तर चंद्रावर रुमाल टाकून मोकळा झाला. सोसाट्यानं फुंकर मारून सगळे रुमाल परत त्याच्याच तोंडावर आणले तेव्हा ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला.

ही गोष्ट फॉरवर्ड होत होत कामरगावच्या एका प्रवाशापर्यंत गेली. रोज तोच खिडकीतून रुमाल टाकायचा. त्यानं ओळखलं. दुसऱ्या दिवशी स्टँडवर गजाननभाऊंपुढे हात जोडून उभा. "भाऊ, माही चूक झाली. आजपासून रुमाल बंद."

गजाननभाऊ आम्हाला फोन करून सांगत होते की साहित्यानं समाज कसा सुधारतो. सांगता सांगता गाडीत चढले. पाहतात तर मागच्या अख्ख्या बाकावर एक लांबलचक उपरणं आडवं पसरलेलं.

"हे काय?"

"रुमाल बंद केला म्हतलं ना भाऊ. हे उपरणं हाय."

*

मग गुरुजींच्या मनात आलं की 'सोसाटा' हे नाव ग्राम्य आहे. त्यांनी नवीन नाव काढलं, 'वायुवेगविक्रमादित्य'. पहिल्याच प्रसंगात एक मुलगी विहिरीत पडते आणि मदतीला हाक मारते. रणजितनं तो प्रसंग वाचला आणि म्हणाला, "गुरुजी, नाव सरेपर्यंत पोरगी तळाले जाईन."

गुरुजींना राग आला. "मग नाव कसं असावं म्हणता?"

"शेताच्या या धुऱ्यावरून हाक मारली तं त्या धुऱ्यावर गेली पाह्यजे."

झालं. पुढच्या रविवारी आम्ही चौघे किन्हीराजाला रणजितच्या शेतात. तूर कमरेपर्यंत आलेली. गुरुजी या टोकाच्या बांधावर उभे, धोतर सावरून, छाती भरून. पलीकडच्या टोकाला रणजितची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, तण निंदत होत्या. त्यांना काही सांगितलेलं नव्हतं. गुरुजींनी तीनदा हाक मारली, चौथ्यांदा ठसका लागला. वहिनी पाण्याचा हंडा घेऊन लगबगीनं आल्या.

"गुरुजी, कोण्या आदित्यले बलावून राह्यले? आमच्या वावरात आदित्य कोणी नाही."

मग गजाननभाऊंनी त्यांच्या एसटीच्या गळ्यानं 'सोसाटा' अशी हाक मारली. दोन शेतं सोडून एका माणसानं बैल थांबवले.

वहिनी हसल्या. म्हणाल्या, "हाकेचं नाव शेवटाले उघडं पाह्यजे गुरुजी. तोंड उघडं राह्यलं का आवाज जाते. आमी बाया दिवसभर वावरात हाका मारतो, आमाले ठाव हाय." गुरुजींनी खिशातून डायरी काढली आणि बांधावर बसून तो नियम लिहून घेतला. तेव्हापासून आमच्या सगळ्या चांगल्या पात्रांची नावं उघड्या तोंडाची आहेत.

निघताना वहिनींनी विचारलं, "मंग धरणाचं काय ठरवलं तुमी? माणूस अजून तसाच उभा हाय का?"

मी म्हटलं, "वहिनी, तुमीही ऐकता का हे सगळं?"

"येते कानावर," त्या म्हणाल्या आणि विळा घेऊन परत ओळीत बसल्या.

*

फ्लेक्सचा किस्सा सांगू नको असं गुरुजी म्हणतात, म्हणून थोडक्यात सांगतो.

सोसाट्याचा वाढदिवस होता. म्हणजे आम्हीच ठरवला. मी दहा बाय आठचा फ्लेक्स छापला. मधोमध मुखवट्यातला चेहरा, वर 'रणजितभाऊ यांना वाढदिवसाच्या वादळी शुभेच्छा', आणि चारी बाजूंनी बिरुदं: संकटांचे कर्दनकाळ, धरणाचे आधारस्तंभ, गोरगरिबांची हवा. खाली शुभेच्छुक म्हणून आम्ही चौघे, हात जोडून. चौकात लावला. नगरपालिकेच्या निवडणुकीची हवा होती हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

दुपारपर्यंत तीन जणांनी विचारलं, रणजितभाऊ कोणत्या वॉर्डातून उभे आहेत. चहाच्या टपरीवर एक जण छातीवर हात ठेवून सांगत होता, "कोण, रणजित? माह्या संगं सातवीले होता. तवाच म्या म्हतलं होतं, हे पोरगं हवेत जाईन."

संध्याकाळी एक उमेदवार स्वतः दुकानात आले. पांढरा शर्ट, मागे दोन माणसं. म्हणाले, "चौकातल्यासारखा एक मलेही बनवून दे."

"फोटो द्या साहेब."

त्यांनी मागच्या माणसांना जरा लांब उभं केलं आणि हळूच म्हणाले, "फोटो देतो. पण वरून तो मुखवटा ठेवजो. तुमच्या रणजितभाऊले कोणी शिव्या देऊन नाही राह्यलं."

*

आता मुख्य गोष्ट.

आमच्यात सगळ्यात भारी लिहायचा तो रणजित. सगळे मान्य करतात. सोसाटा धरणाला पाठ लावून उभा असताना त्याच्या मनात काय चालतं, घरी भाकरी थंड होत असेल, पोराची फी राहिली असेल, पाठीला भिंतीचं गार पाणी लागत असेल, हे त्यानं असं लिहिलं होतं की गजाननभाऊ ड्यूटीवर वाचून रडले आणि एका प्रवाशाला दोन तिकिटं फाडली.

पण रणजितच्या लिहिण्यात एक खोड होती. तो हीरोचं नाव कधीच घ्यायचा नाही. 'हे उठले.' 'हे धरणाकडे गेले.' 'गिरणीवाले काही बोलले नाहीत.' 'पोराचे बाबा भिंतीला टेकले.' साध्या प्रसंगात चालून जायचं, मारामारीत पंचाईत व्हायची. गजाननभाऊ वैतागायचे. "यायनं त्याले हाणलं, त्यानं यायले हाणलं. अरे पण कोण मेलं ते तं सांग."

गुरुजींना मात्र ते फार आवडायचं. एका रविवारी दुकानाच्या ओट्यावर त्यांनी त्यावर वीस मिनिटं भाषण दिलं. "नायकाला निनावी ठेवून लेखकाने त्याला विश्वरूप दिलं आहे. तो आता एक रणजित उरला नाही, तो प्रत्येक घरातला कर्ता पुरुष झाला. रणजितराव, ही कल्पना तुम्हाला सुचली तरी कशी?"

रणजित बशीत चहा ओतत होता. म्हणाला, "मले काय मालूम गुरुजी, मी थोडी लिवलं."

रणजितच्या ध्यानात आलं की आपण काय बोलून बसलो. त्यानं बशी खाली ठेवली.

"घरची लिवते. माह्या फोनवरून. पयल्यापासून तीच लिवते. अन् हीरोचं नाव पडलं रणजित. ती माहं नाव कशी घेईन?"

गुरुजी हळूच खुर्चीत बसले. गजाननभाऊ म्हणाले, "गुरुजी, तुमचं विश्वरूप गेलं. घरधनी राह्यले."

हसून हसून पोट दुखलं त्या दिवशी. पण घरी गेल्यावर मला खरंच वाईट वाटलं. दोन वर्षं आम्ही एका बाईची शाबासकी तिच्या नवऱ्याला देत होतो, आणि ती बाई आम्हाला हंड्यातून पाणी देत होती.

*

अंक काढायचं ठरलं तेव्हा रणजितच पहिल्यांदा म्हणाला, "तिचं नाव टाका. मी तं कवाचा सांगून राह्यलो, तीच आयकत नाही." म्हणून मी किन्हीराजाला गेलो. वहिनी ओसरीत तूर पाखडत होत्या. सासूबाई, म्हणजे त्यांच्या आत्याबाई, शेजारी कुठं बसायला गेल्या होत्या.

वहिनी म्हणाल्या, "नाव नोको भाऊ."

"काहून?"

"आत्याबाईले वाटते पोरगं लिवते. रोज दुपारी मी त्यायले फोनवरून वाचून दाखवतो. माहा रणजित लिवते म्हून त्यायनं दहा घरी सांगलं. आता माहं नाव छापलं तं त्यायनं गावात तोंड कसं दाखवायचं? म्हातारं माणूस हाय. ऱ्हाऊ द्या."

मी हे मंडळात सांगितलं. टोपणनाव द्यायचं ठरलं. पात्रांना बारशी घालून घालून आमचा हात बसलेला होता, पण इथं तिघांचीही अक्कल आटली. गुरुजींनी 'वायुकन्या' सुचवलं. मी 'किन्हीकर' म्हटलं. गजाननभाऊंनी फार विचार करून 'राखीव' सुचवलं. म्हणाले, बायकांच्या सीटवर तेच लिहिलेलं असते, जागा पक्की.

तिन्ही नावं घेऊन मी परत गेलो. वहिनींनी ऐकली, 'राखीव'वर खळखळून हसल्या, आणि म्हणाल्या, "तिसरं नाव कायले आता? दोन हायत तेच कोणी वापरत नाही."

"दोन?"

"लग्नात तांदळाच्या ताटात यायनं अंगठीनं रंजना लिवलं. रणजितची रंजना. ते बी कागदावरच राह्यलं, गावात मी रणजितची बायको. पयलं नाव कामरगावले, माहेरी. माय होती तवरी फोनवर त्या नावानं हाक मारे. ती गेल्यापासून ते कोणाच्या तोंडून आयकलं नाही."

सूप चालूच होतं. डोळ्यात पाणीबिणी काही नाही. पण मला ते नाव विचारायचा धीर झाला नाही. दिवसातून दहा नावं विचारतो मी, वधूचं, वराचं, मामाचं, आत्याचं. ते एक तोंडातून निघालं नाही.

"टिंबंच ऱ्हाऊ द्या भाऊ," त्या म्हणाल्या. "दिसाले बी चांगली दिसतात."

काही चांगली दिसत नव्हती. मी रोज ती फाइल उघडायचो आणि रोज तशीच बंद करायचो.

*

दिवाळी आठ दिवसांवर आली. सगळी पानं छापून झाली, अनुक्रमणिकेचं आणि ऋणनिर्देशाचं, अशी दोनच राहिली. ती दुसऱ्या दिवशी घ्यायची होती. भर दुपारी दुकानात एक म्हाताऱ्या बाई आल्या. नऊवारी, हातात प्लास्टिकची पिशवी घट्ट धरलेली. मागे गजाननभाऊ.

"रणजितची आई हाय," भाऊ म्हणाले. "माह्याच गाडीनं आल्या. परतीची गाडी वीस मिनिटांत सोडतो. तवरी उरकजो. मी थांबणार नाही, सांगून ठेवतो." आणि घड्याळ बघत पायरीवर उभे राहिले.

काकूंना मी स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. त्यांनी विचारलं, "पुस्तक कवा छापून राह्यला?"

"उद्या, काकू. रणजितची गोष्ट फार चांगली..."

"रणजितचं नोको सांगू मले."

पिशवीतून त्यांनी एक लग्नपत्रिका काढली. पिवळी पडलेली, कोपरे झिजलेले, वर गणपती. खाली बारीक अक्षरात आमच्याच प्रेसचं नाव. माझ्या बाबांच्या वेळची, शिशाचे खिळे जुळवून छापलेली. कामरगावच्या मंडळींनी मुलीच्या लग्नाची छापून घेतली होती, त्यातली एक वराकडे गेलेली.

"मले वाचता येत नाही," काकू म्हणाल्या. "यात तिचं नाव कोठी हाय?"

मी बोट ठेवलं.

"वाच."

"चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी चंद्रकला."

"अजून एक डाव वाच."

मी परत वाचलं.

"हां. हेच. टिंबं ठेवली म्हणे तुमी. तिथी हे टाक."

"काकू, तुमाले कवा समजलं?"

"पयल्याच दिवशी. रणजित लिवता तं त्या माणसाचं नाव घेता. ही वाचे, हे उठले, हे गेले, हे टेकले. मीही पन्नास वर्षं असंच बोलली. मले नाही कळन?"

"मंग गावभर रणजित लिवते म्हून काहून सांगत होत्या?"

"आता कसं सांगू तुले." काकूंनी पदरानं चेहरा पुसला. "आपलं म्हून वाचाले बसली असती तं लाजली असती. चांगलं चांगलं गाळलं असतं. नवऱ्याचं म्हून वाचे, तं खुलून वाचे. माही दुपार चांगली जाये."

मी मशीनपुढे बसलो. टिंबं खोडली, नाव टाइप केलं. काकू उठून पडद्याजवळ आल्या आणि वाचता येत नसताना ती चार अक्षरं नीट बघून घेतली. मी म्हटलं, "पण काकू, या नावानं गावात कोणी वळखणार नाही त्यायले."

"ना वळखू दे. सोसाट्याले तरी कोण वळखते? त्याचं काही अडलं का?"

मी उगाच की-बोर्ड पुसला. मग ऋणनिर्देशाचं पान आठवलं. गुरुजींनी त्यात चहावाल्यापासून सगळ्यांची नावं घातली होती. मी म्हटलं, "काकू, इथं तुमचंही नाव टाकतो. पयली ऐकणारी म्हून. सांगा, काय नाव?"

काकू तोंडाला पदर लावून हसल्या. "कोणतं सांगू?"

"माहेरचंच सांगा."

स्टँडवरून ड्रायव्हरनं हॉर्न दिला. काकूंनी तोंड उघडलं, परत मिटलं. पायरीवरच्या गजाननभाऊंकडे पाहिलं, वर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं.

"थांब बाप्पा," त्या म्हणाल्या. "आठवू दे मले."

ड्रायव्हरनं दुसऱ्यांदा हॉर्न दिला, तिसऱ्यांदा दिला. गजाननभाऊंनी घड्याळ खिशात टाकलं आणि पायरीवर बसून घेतलं.

त्या दिवशी किन्हीराजावरून जाणारी मालेगावची गाडी अकरा मिनिटं उशिरा सुटली. कंट्रोलर साहेबांनी लेखी कारण मागितलं. गजाननभाऊंनी लिहून दिलं, 'महिला प्रवासी स्वतःचे नाव आठवत होत्या.'